पोटरीतला गोळा

१. गोळा आला की आधी पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढायचा. माझ्या सासूबाई दर्यापूरकडच्या. परहाटीच्या वेचणीत दिवसभर वाकून आल्या की मध्यरात्री हाक यायची, "पाय धर वं बाई, गोळा आला!" तेल चोळा, बाम लावा, सुटायचा तो चवडा ओढल्यावरच. निजण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या तर रात्रीचे गोळे कमी होतात, हे नेदरलँडमधल्या वयस्करांवरच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं. सासूबाईंनाही तेच मानवलं.

२. मॅग्नेशियमच्या गोळीवर भिस्त ठेवू नये. वयस्करांच्या पेटक्यांवर तिचा जाणवण्याइतका उपयोग होण्याची शक्यता कमीच, असं कोक्रेनचा २०२० चा आढावा सांगतो. झोपेबाबतही पुरावा तोकडा आहे. पोट मात्र बिघडू शकतं.

३. आपल्याकडे तर गोळीआधी मूत्रपिंडाची खात्री म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात सोडियमच्या जोडीला कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड तिथे जुनी आहे. जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकतं ते मूत्रपिंडच. ते थकलं असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. पोटॅशियमचंही तसंच, त्याने ठोके बिघडतात. "खनिजं कमी पडली असतील" म्हणून शेजारणीची बाटली उचलणाऱ्या दर्यापूर, तेल्हारा, बाळापूरच्या प्रत्येक नातेवाइकाला मी हे सांगते, कोणी कंटाळलं तरी सांगते.

४. मूत्रपिंड धड असेल तर मॅग्नेशियम ताटातूनच घ्यावं. शंभर ग्रॅम ज्वारीत ते सव्वाशे मिलिग्रॅमहून अधिक असतं. तुरीचं वरण, तीळ, शेंगदाणे यांतूनही मिळतं. वावरात सोयाबीन आलं आणि ज्वारीचा पेरा आटला, याची मला खरोखर हळहळ वाटते. निदान रात्रीची भाकर तरी सुटू देऊ नये.

५. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा दिवसभर थोडंथोडं पाणी प्यावं. ताकात मीठ टाकताना रक्तदाबाच्या माणसाला आधी विचारावं.

६. चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही पेटके येऊ शकतात. पण त्या मनाने बंद करू नयेत.

७. एकाच पोटरीला सूज, लाली, ऊब असेल आणि दुखणं हटत नसेल तर ताणत-चोळत बसू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.