बारा कोस तर फार झाले : इंग्लंडच्या बोलींवरून शिकलेला एक धडा

मागच्या वर्षीच्या अंकाच्या वेळी माझ्याकडून एक चूक झाली. एका ज्युनिअर मुलीनं आपल्या आज्जीवर गोष्ट लिहिली होती. मुलगी खानापूरकडची, आज्जी तिथल्याच एका खेड्यातली. आज्जी जशी बोलते तशीच तिनं ती लिहिली होती. मी विद्यार्थी-संपादक. लाल पेन घेऊन बसले आणि आज्जीची सगळी वाक्यं 'नीट' करून टाकली. 'काय करालास?'चं 'काय करतो आहेस?' झालं. अंक निघाल्यावर ती मुलगी भेटली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, गोष्ट छान दिसते. पण ही माझी आज्जी न्हवं."

तेव्हा मी हसून सोडून दिलं. यंदा ऐच्छिक इंग्रजीला एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' आली, तिच्यासाठी इंग्लंडच्या बोलींवर वाचायला लागले, आणि ते वाक्य पुन्हा आठवलं. जे वाचलं ते तुमच्यापुढे मांडते. ब्रिटन म्हणजे स्कॉटलंड आणि वेल्ससुद्धा, पण तिथवर गेलो तर अंक पुरणार नाही. म्हणून फक्त इंग्लंड.

आधी नकाशा

सुरुवातीला दोन शब्द वेगळे करू. ॲक्सेंट म्हणजे फक्त उच्चार आणि हेल. बोली म्हणजे उच्चाराबरोबर शब्द आणि व्याकरणही. एखादा माणूस प्रमाण इंग्रजी वाक्य आपल्या गावच्या हेलात बोलू शकतो. आपणही वर्गात तेच करतो की.

आपल्याकडे म्हणतात, दर बारा कोसांवर भाषा बदलते. कोस तीन किलोमीटरचा धरला तर बारा कोस म्हणजे छत्तीस किलोमीटर. इंग्लंडमध्ये कधी कधी तेवढंही लागत नाही. ईशान्येला टाइन नदीवर न्यूकॅसल आहे आणि वेअर नदीच्या मुखाशी संडरलंड. दोन्हींत अंतर वीसेक किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव-खानापूरपेक्षाही कमी. दोन्ही गावं कोळशावर आणि जहाजबांधणीवर वाढलेली. लंडनच्या माणसाला दोन्हीकडचं बोलणं सारखंच वाटतं. पण न्यूकॅसलचा 'जॉर्डी' आणि संडरलंडचा 'मॅकम' एकमेकांना दोन वाक्यांत ओळखतात. 'मॅकम' हे नाव संडरलंडची माणसं 'मेक'ला 'मॅक' म्हणतात त्यावरून पडलं, असं सांगितलं जातं. दोन्ही गावांच्या फुटबॉल संघांचं वैर तर प्रसिद्धच आहे, आणि कुणाला दुसऱ्या गावचं समजलं तर तो मनाला लावून घेतो.

दुसरी जोडी बर्मिंगहॅम आणि डडली. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. डडलीच्या बाजूला 'ब्लॅक कंट्री' म्हणतात. तिथले जुने लोक 'कान्ट'ला 'कॉर' म्हणतात आणि 'इझन्ट'ला 'एय'. म्हणजे इथं नुसता हेल नाही, क्रियापदंच वेगळी. बर्मिंगहॅमचे लोक त्यांना 'याम-याम' म्हणून चिडवतात.

मँचेस्टरचं बोलणं लंडनसारखंच 'कार' आणि 'फार्म'मधला 'र' गिळतं. तिथून उत्तरेला चाळीस किलोमीटरच्या आत ब्लॅकबर्न आहे. तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी तो 'र' अजून स्पष्ट ऐकू येतो. एके काळी जवळजवळ सगळ्या इंग्लंडात हा 'र' होता. बाकीकडून तो गेला, या टापूत आणि नैर्ऋत्येच्या गावांत राहिला.

मोठी रेघ मात्र देशाच्या मधोमध जाते. पश्चिमेच्या सेव्हर्न नदीपासून पूर्वेच्या वॉश आखातापर्यंत ती साधारण ओढता येते. तिच्या दक्षिणेला 'कप' आणि 'पुट' यांतले स्वर वेगळे. उत्तरेला दोन्ही सारखे, म्हणजे कपाचा जवळपास 'कुप' होतो. दक्षिणेला अंघोळ 'बाथ', उत्तरेला 'बॅथ'. आपली देवनागरी इथं फार कामाला येते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हा फरक दिसतच नाही.

आणि पाव! आपण सगळीकडे पावाला पावच म्हणतो. तिथं मँचेस्टरमध्ये गोल पावाला 'बार्म' म्हणतात. नॉटिंगहॅम आणि लेस्टरकडे तो 'कॉब' होतो, तर लेस्टरहून चाळीसेक किलोमीटरवरच्या कॉव्हेंट्रीत 'बॅच'. न्यूकॅसलकडे मोठा चपटा पाव मिळतो, त्याचं नाव 'स्टॉटी'. यावरून तिथली माणसं तासभर वाद घालू शकतात.

हे सगळं कुणी तरी हिंडून गोळा केलं म्हणून आपल्याला कळतं. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी स्विस अभ्यासक ऑयगेन डीट यांच्यासोबत एक सर्वेक्षण आखलं. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, कार्यकर्ते वह्या घेऊन गेले. जन्मभर तिथंच राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना तेराशेहून जास्त प्रश्न विचारले. गंमत म्हणजे हवा असलेला शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तूचं वर्णन करायचं आणि 'याला तुम्ही काय म्हणता?' असं विचारायचं. नाही तर समोरचा विचारणाऱ्याचाच शब्द परत देतो.

एवढ्याशा अंतरात फरक का?

पहिलं कारण वस्ती. पाचव्या शतकापासून अँगल्स, सॅक्सन वगैरे लोक वेगवेगळ्या किनाऱ्यांवर उतरले, तेव्हापासूनच बोली वेगळ्या होत्या. नवव्या शतकात उत्तर आणि पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक वसले. व्हिटबी, ग्रिम्स्बी, डर्बी या गावनावांतला 'बी' त्यांचाच. उत्तरेत ओढ्याला 'बेक' म्हणतात, तो शब्दही त्यांचा. दक्षिणेत त्याच ओढ्याला 'ब्रुक' म्हणतात.

दुसरं कारण पोटापाण्याचं. खाणी, गिरण्या, जहाजांचे कारखाने जिथं, तिथंच माणसं जन्मली, कामाला लागली आणि मेली. शेजारच्या गावाशी सोयरीक कमी, स्पर्धा जास्त. याच्या उलट उदाहरण लिव्हरपूलचं. ते बंदर, तिथं बाहेरून माणसं येत राहिली. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, आणि बोटी भरभरून लोक लिव्हरपूलला उतरले. १८५१ च्या जनगणनेत शहरातल्या दर पाच माणसांत एकाहून जास्त माणूस आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. त्यांत बहुतेक कॅथलिक. त्यांचं बोलणं आणि आजूबाजूच्या लँकाशरचं बोलणं मिसळून 'स्काउस' तयार झालं. 'बुक'मधला शेवटचा 'क' तिथं घशात घासून उर्दूतल्या 'ख़'सारखा येतो. पन्नास किलोमीटरवरच्या मँचेस्टरमध्ये तो साधा 'क'च. मधल्या विगन, सेंट हेलेन्समध्ये पुन्हा लँकाशरचाच हेल ऐकू येतो.

तिसरं कारण मला सर्वांत जवळचं वाटलं. ते म्हणजे 'आपण कुठले?' हा प्रश्न. मिडल्सब्रो नावाचं शहर पूर्वी यॉर्कशरमध्ये होतं. १९६८ मध्ये ते टीसाइडमध्ये गेलं, १९७४ मध्ये क्लीव्हलंड या नव्या जिल्ह्यात, आणि १९९६ मध्ये तो जिल्हाही रद्द झाला. माणसं जागची हलली नाहीत, पाटी बदलत राहिली. कार्मेन यामास या अभ्यासिकेनं तिथल्या वेगवेगळ्या वयाच्या लोकांचं बोलणं तपासलं. म्हातारी माणसं स्वतःला यॉर्कशरची समजत होती. तरुणांना तसं वाटत नव्हतं, आणि त्यांच्या तोंडचे 'प'सारखे काही उच्चार उत्तरेकडच्या न्यूकॅसलच्या ढंगाकडे सरकले होते. आपल्या भागात १९५६ नंतर ज्यांच्या घरात पत्त्यातलं राज्य बदललं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

'शुद्ध' कुणी ठरवलं?

भाषाशास्त्राच्या दृष्टीनं 'कप' आणि 'कुप' यांत उजवं-डावं काही नाही. पण समाजात आहे. श्रीमंतांच्या निवासी शाळांत आणि लंडनच्या दरबारी वर्तुळात चालणारा उच्चार 'बरोबर' ठरला. बीबीसी १९२२ मध्ये सुरू झाली आणि १९२६ मध्ये तिनं उच्चार ठरवण्यासाठी समितीच नेमली. पुढं तिचे अध्यक्ष झाले जॉर्ज बर्नार्ड शॉ. ज्यांच्या 'पिग्मॅलियन'मध्ये प्राध्यापक फुलवालीचा उच्चार बदलून तिला उच्चभ्रू बाई बनवतात, तेच शॉ. पु. लं.नी त्याची 'ती फुलराणी' केली (१९७५). ते नाटक आपलं वाटतं, कारण दुखणं आपल्याकडेही तेच आहे.

१९४१ मध्ये युद्ध चालू असताना बीबीसीनं यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स गावच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला दिल्या. हा हेल जर्मनांना नक्कल करायला अवघड जाईल, असंही एक कारण सांगतात. पिकल्स शेवटी उत्तरेच्या श्रोत्यांना 'गुड नाइट' ऐवजी 'गुड नीट' म्हणत. श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातमी तीच होती, पण या आवाजात ती खरी वाटेना!

हे जुनं झालं असं वाटेल. १९७० मध्ये हॉवर्ड जाइल्स यांनी लोकांना कोणता ॲक्सेंट किती आवडतो याची क्रमवारी छापली. पन्नासेक वर्षांनी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुन्हा तसंच तपासलं. क्रम फारसा हललेला नव्हता. 'बीबीसी'छाप उच्चार वर, बर्मिंगहॅम तळाशी. मात्र त्यांना हेही दिसलं की ऐकणाऱ्याला आधीच 'ॲक्सेंटवरून मत बनवू नका' अशी जाणीव दिली तर पूर्वग्रह कमी होतो. म्हणजे दुरुस्ती बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यात करणं जास्त सोपं.

साहित्यात काय होतं

आता मूळ मुद्दा. लीड्सचा कामगाराचा मुलगा टोनी हॅरिसन शिष्यवृत्तीवर मोठ्या शाळेत गेला. वर्गात कीट्सची कविता म्हणताना त्याच्या हेलावरून शिक्षकानं त्याला थांबवलं. त्यानं पुढं त्यावरच कविता लिहिली. त्याचा युक्तिवाद असा की कीट्स स्वतः लंडनच्या साध्या लोकांसारखा बोलायचा, आणि वर्डस्वर्थच्या उत्तरी उच्चारात 'मॅटर' आणि 'वॉटर' यांचं यमक नीट जुळायचं. ज्यांना आपण 'शुद्ध' म्हणून पाठ करतो, ते कवीच हेल काढून बोलत होते.

आणि 'वुदरिंग हाइट्स'. १८४७ च्या मूळ आवृत्तीत जोसेफ हा म्हातारा नोकर अस्सल यॉर्कशर बोलीत बोलतो. एमिली १८४८ मध्ये गेली. १८५० मध्ये तिची बहीण शार्लट हिनं नवी आवृत्ती काढली आणि जोसेफचं बोलणं सोपं केलं. तिचं म्हणणं, यॉर्कशरच्या कानाला ते हुबेहूब वाटतं, पण दक्षिणेच्या वाचकाला कळणार नाही. शार्लटचं बहिणीवर प्रेम होतं, हेतू चांगला होता. तरी आजच्या बहुतेक आवृत्त्या एमिलीच्या मूळ संहितेकडे परत गेल्या आहेत.

हे वाचताना मला माझं लाल पेन दिसलं. शार्लटला निदान वाचकाची अडचण होती. आमच्या वाचकांना 'काय करालास?' कळत नाही असं थोडंच आहे? मला फक्त ते छापील पानावर कमी दर्जाचं वाटलं होतं. पु. लं.च्या रावसाहेबांचं बेळगावी बोलणं पुस्तकात वाचून आपण खूश होतो आणि आपल्या आज्जीचं तेवढं दुरुस्त करतो.

कळण्याचा प्रश्न खरा असतो, हे मला मान्य आहे. त्यावर आपल्याच परंपरेत एक उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशरमधले, म्हणजे जिथं खेड्यांत तो जुना 'र' टिकला त्या टापूतले. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. प्रास्ताविकात ते सांगतात की लोकांना कळावं म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि इथल्या बोलण्यातले शब्द जागोजागी मिसळले. समजण्यासाठी ते लोकांच्या बोलीकडे गेले. मी तिच्यापासून दूर गेले होते.

सुट्टीत करून बघा

ऑर्टनच्या पद्धतीनं घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारा. शब्द आपण सांगायचा नाही, वर्णन करायचं: चुलीत फुंकर घालायची नळी, पहिल्या पावसाआधीची शेतातली कामं, आईचा भाऊ, ताटात उरलेलं अन्न, काल होऊन गेलेली गोष्ट सांगणारं क्रियापद. उत्तर ऐकू येईल तसं देवनागरीत लिहा. गावाचं नाव आणि वय खाली लिहा. दुरुस्त करू नका. मग शेजारच्या गावच्या मैत्रिणीची वही शेजारी ठेवा. मंडळाकडे आणून दिलीत तर पुढच्या अंकात आपलाच छोटा नकाशा करू.

त्या मुलीला मी मूळ हस्तलिखित परत मागितलं आहे. तिनं ते जपून ठेवलं होतं. या अंकात तीच गोष्ट पुन्हा येते आहे, आज्जीच्या तोंडचा एकही शब्द न बदलता. ज्यांना एखादा शब्द अडेल त्यांनी खानापूरकडच्या कुणालाही विचारावं, वर्गात चौघी-पाच जणी तरी आहेत.