बी फॉर्म आणि खर्चाची वही
नागरिकशास्त्राच्या तासाला एका कॅडेटने विचारले, “सर, पक्षाशिवाय लोकसभेला उभे राहता येते का?”

येते. वय २५ पूर्ण हवे, सर्वसाधारण उमेदवाराला अनामत २५,००० रुपये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. पक्षाचे तिकीट म्हणजे बी फॉर्म. तो कोणाला द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, मतदार नव्हे. (आमची मेस कमिटी निदान हात वर करून तरी निवडली जाते!)

मोठ्या राज्यांत उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केले.

“मग उमेदवाराच्या मर्यादेचा उपयोग काय, सर?”

मी म्हणालो, ही फट कायद्यात अजून तशीच आहे.