बाहेर चावी, आत नॉब

अगं, फरशी कोणती, रंग कोणता हे तू मला दहादा विचारलंस, पण नव्या घराच्या कुलपाचं मात्र सुतारावर सोडून मोकळी झालीस. तसं करू नकोस. पाचोड म्हणजे धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव, दिवसरात्र वर्दळ. दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पक्कं बंद व्हायला हवं.

कापूस वेचायला किंवा आठवडी बाजाराला निघालं की कुलूप बाहेरून. रात्री आतून. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायला गेले की परत बाहेरून, कारण खालचं दार नुसतं लोटलेलं असलं की चोराचं फावतं. कोयंड्याला लोंबतं कुलूप दिसलं की घरात कुणी नाही हे रस्त्यावरूनच कळतं, आणि कोयंडा टॉमीनं उचकटतो. शिवाय चोर शेजाऱ्यांच्या कड्या बाहेरून लावून ठेवतात, म्हणजे ओरडा झाला तरी मदतीला कुणी येऊ नये. म्हणून दारातच बसणारं कुलूप घे आणि बाहेरची कडी काढूनच टाक.

या कुलपांत दोन प्रकार मिळतात. एकाला दोन्ही बाजूंनी चावी, दुसऱ्याला बाहेर चावी आणि आत हातानं फिरवायचा नॉब. दुकानदार पहिलं जास्त मजबूत म्हणून पुढे करेल. तू नॉबचंच घे. रात्री गॅसचा भडका उडाला, लाइट गेलेली असली, तर अंधारात चावी कोण शोधणार? दाराला काच किंवा जाळी असेल आणि बाहेरून हात घालून नॉब फिरवता येत असेल, तरच दोन्ही बाजूंच्या चावीचं घ्यायचं. मग आतली चावी जाळीपासून लांब, सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच खिळ्याला टांगायची.

दुकानात जाण्याआधी दाराची जाडी मोज. दार डावं की उजवं, आत उघडतं की बाहेर, हेही लिहून ने. गोदरेज 1897 पासून कुलपं बनवतंय, पण कितीही जुन्या कंपनीचं घेतलंस तरी चौकटीतली पट्टी आखूड स्क्रूंवर बसवली असेल तर एका लाथेत निघते. लांब स्क्रू लावून घे. पुढे कुलूप जड चालायला लागलं तर खोबरेल घालू नकोस, आपल्याकडची धूळ त्यात चिकटून बसते. पेन्सिलीच्या शिसाची बारीक पूड चावीला लावून चार वेळा फिरव.

आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच बघ. दुकानदाराला बाहेरून चावी फिरवायला लाव आणि तू आतला नॉब फिरव. बोल्ट सरकलाच पाहिजे, नाहीतर बाहेरून कुलूप लावून गेलात की घरी राहिलेल्या तुझ्या आत्याबाई आत कोंडल्या जातील. घरी बसवल्यावर आत्याबाईंकडून आणि पोरांकडूनही ते अंधारात एकदा उघडून घे. एकालाही जमलं नाही तर कुलूप बदलून आण.