खरं बोलूनही पाप लागतं?



आजचं वाचन : महाभारत, कर्णपर्व.

युद्धाचा १७ वा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परतलाय. अर्जुन भेटायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच युधिष्ठिर भडकतो आणि गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक, असं म्हणतो. आता असं म्हणणाऱ्याचा वध करायचा, ही अर्जुनाची प्रतिज्ञा! दिलेला शब्द खरा करायला तो थोरल्या भावावरच तलवार उपसतो.

तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतात. कौशिक हा नदीसंगमाजवळ राहणारा तपस्वी. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा दरोडेखोरांना घाबरून काही माणसं जवळच्या रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले. माणसं कुठे गेली, त्यांनी विचारलं. कौशिकाने खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि हा सत्यवादी तपस्वी नरकात गेला.

मग करायचं काय? भगवंतांनी क्रम सांगितलाय. गप्प राहून निभावत असेल तर तोंडच उघडू नये. पण बोलणं भागच असेल, किंवा गप्प राहिल्यानेच संशय येणार असेल, तर तिथे खोटं बोलणं जास्त चांगलं. कारण ज्याने जीव तगतात, तो धर्म.

हे आजही लागू आहे. समजा, मारहाणीला कंटाळून घर सोडलेली मैत्रीण तुमच्याकडे राहतेय आणि मारणाराच फोन करून विचारतोय, "ती तिथे आहे का?" तिथे "हो" म्हणणारा हरिश्चंद्र ठरत नाही, कौशिक ठरतो.

पण थांबा. ही गोष्ट वाचून आपलं मन लगेच पळवाट शोधतं, हेही मला दिसतं. ऑफिसला खोटं कारण देऊन सुट्टी, बायोडेटात वाढवलेला अनुभव, यांत कोणाचा जीव वाचतो? फक्त आपली सोय होते.

आणि मोठ्या कारणासाठी बोललेलं खोटंही फुकट जात नाही. याच युद्धात १५ व्या दिवशी युधिष्ठिर द्रोणांना अश्वत्थामा गेल्याचं सांगतो. सल्ला खुद्द श्रीकृष्णांचा होता, तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याच कपटापायी त्याला थोडा वेळ का होईना, नरक बघावा लागला. मला यातून एवढंच कळतं, की खोटं बोलावं लागलं तरी त्याचा अभिमान धरू नये. ते ओझं म्हणूनच उचलावं.

अर्जुनाचं काय झालं? थोरल्यांना "तू" म्हणून अपमान करणं म्हणजे त्यांचा वधच, अशी वाट श्रीकृष्णांनी काढून दिली. शब्दही राहिला, भाऊही वाचला.

आजचा अभ्यास : खोटं बोलावंसं वाटलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. गप्प राहून भागेल का? यातून कोण वाचतंय, दुसरा की मी? आणि याची किंमत मी स्वतः भरायला तयार आहे का?

उत्तरं प्रामाणिकपणे द्या. तिथे मात्र खोटं चालत नाही!

श्रीकृष्णार्पणमस्तु.