नितळ पाणी आणि निर्धोक पाणी

आमच्या शाळांतून विज्ञान हा विषय बहुधा पुस्तकांतच राहतो, आणि ज्या विहिरीचें पाणी मुलें नित्य पितात ती विहीर शाळेबाहेर राहते. वास्तविक पाण्याइतकें सोयीचें शिक्षणसाधन दुसरें नाहीं असें आम्हांस वाटतें.

प्रारंभ वाळूच्या गाळणीपासून करावा. तळाशीं भोक पाडलेल्या मडक्यांत प्रथम खडे, त्यांवर बारीक खडी व वर धुतलेली वाळू वीतभर भरावी. गढूळ पाणी ओतलें म्हणजे खालीं नितळ पाणी येतें व मुलें हरखून जातात. खरा पाठ येथूनच सुरू होतो. हें पाणी प्यावें काय? मुलें 'होय' म्हणतील; आमच्यापैकीं कित्येक वडीलधारेही तेंच म्हणतील!

उत्तर प्रयोगानें द्यावें. ग्वाल्हेर येथील संरक्षण-संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षेंत, औषध लावलेला कागद असलेली बाटली पाण्यानें भरून उबेंत ठेवतात. विष्ठेंतून आलेले जंतु असल्यास हायड्रोजन सल्फाइड वायु उत्पन्न होतो, त्याचा कागदावरील लोहक्षाराशीं संयोग होतो व एक-दोन दिवसांत पाणी काळें पडतें. एक बाटली विहिरीच्या, दुसरी गाळलेल्या व तिसरी उकळून निवविलेल्या पाण्याची ठेवावी. विहीर दूषित असेल तर दुसरीही पुष्कळदां काळी पडते. कारण नवी वाळू गाळ अडविते, जंतु पुरते अडवीत नाहीं. १८२९ सालीं जेम्स सिंप्सन यांनीं लंडनमध्यें बांधलेल्या संथ वाळू-गाळणीचें मर्म वाळूवर जमणाऱ्या सजीव थरांत होतें, आणि तो थर जमण्यास आठवडे लागतात. खत कुजविणाऱ्या शेतकऱ्यास हें कोडें वाटूं नये. पाणी काळें न पडलें तरी तें शुद्धच असें मात्र समजूं नये. ही परीक्षा केवळ इशारा देते.

यानंतर मुलांकडून विहिरीभोंवतींचा नकाशा काढवून घ्यावा: गोठा, उकिरडा, शोषखड्डा किती पावलांवर, उतार कोणीकडे, कठडा आहे कीं नाहीं. येथें प्रकरण आमच्या दाराशीं येतें. उकिरड्यांतून व फाजील युरियामुळें पाण्यांत उतरणारें नायट्रेट वाळूनें निघत नाहीं, आणि उकळल्यानें पाणी आटून त्याचें प्रमाण उलट वाढतें. भारतीय मानकानुसार दर लिटरास ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. त्याहून अधिक नायट्रेटाचें पाणी वरच्या दुधांत घातल्यास तान्ह्या मुलांस धोका असतो. म्हणून मुलानें नकाशांत आपल्याच घरचा उकिरडा दाखविला तर वडिलांनीं रागावूं नये. तो उताराच्या खालच्या बाजूस हलवावा व खत मापानें द्यावें.

काळ्या पडलेल्या बाटल्या शिक्षकांनीं स्वतः उघड्यावर नेऊन, ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवाव्या व मग विहिरीपासून दूर खड्ड्यांत रित्या कराव्या. मुलांनीं साबणानें हात धुवावे.