लिगेचर सुटंच हवं

साडेतीन हजार रुपये गेले, ऐन वैशाखात दोन सुपाऱ्यांना मान खाली घालावी लागली आणि वर दुकानदाराकडून ऐकून काय घेतलं, तर "स्क्रू तुम्हीच जास्त आवळला असणार." बावीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतोय. स्क्रू किती आवळायचा ते मला कळतं.

विकत घेतलेला माउथपीस जुना, एबोनाइटचा. त्याला लिगेचर, म्हणजे पत्ती आवळून धरणारं पितळी कडं, कायमचं बसवलेलं. "लिगेचर हरवायची भानगडच नाही," दुकानदार म्हणाला. जीपमध्ये, मांडवात आमची किती लिगेचरं गेली त्याचा हिशोब नाही, म्हणून मी त्या वाक्याला भुललो.

पहिल्या दिवसापासून वरचे सूर चिरकायला लागले. मी दोष पत्तीला दिला. अडीच नंबरची दहांची पेटी संपवली, मग तीन नंबरची आणली. सोबतचे म्हणाले, आता फुंक कमी पडतेय. तेही ऐकून घेतलं.

एका रात्री वरातीहून आलो आणि न झोपता माउथपीस ट्यूबलाइटसमोर धरला. पत्तीच्या उजव्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. पत्ती सरळ केली, स्क्रू फिरवला. ती पुन्हा डावीकडे सरकली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. कडंच तिरकं बसवलेलं होतं! सुटं लिगेचर असतं तर जरासं फिरवून घेतलं असतं. हे हलणार कसं? तीच पत्ती माझ्या जुन्या माउथपीसवर लावली, खालचं भोक तळव्यानं दाबून हवा ओढली. पत्ती क्षणभर चिकटून राहिली आणि 'टप्' करून सुटली. विकत घेतलेल्यावर नुसती फुसफूस. फुंक माझी कमी पडत नव्हती.

ही परीक्षा दुकानातच करा, स्वतःच्या पत्तीवर. पत्तीची बैठक सपाट आहे का ते माउथपीस काचेवर ठेवून बघतात; पण कडं जडवलेलं असलं की ते काचेला टेकतं आणि बैठक तपासताच येत नाही. तेवढ्यावरूनच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पैसे मागायला गेलो तर दुकानदारानं माउथपीस हातातही घेतला नाही. पुढच्या वरातीत एका स्क्रूचे आटे गेले. पत्ती बांधायला दोरा मागून घेतला, पण कड्यामुळे गुंडाळायला जागाच नाही. इवान म्युलरनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धातूचं लिगेचर आणलं, त्याआधी पत्ती दोऱ्यानंच बांधत. जर्मन वादक अजूनही बांधतात, त्यांच्या माउथपीसवर त्यासाठी खाचा असतात. साध्या माउथपीसवर मीही दोऱ्यावर वरात काढली असती. जडवलेल्या कड्याचा स्क्रू गेला की अख्खा माउथपीस गेला, आणि तसला स्क्रू मला तरी बाजारात मिळाला नाही.

बाकी नेहमीचंच: पावती घ्या, घाई करू नका. माउथपीस कोमट पाण्यानंच धुवा, गरम पाण्यानं एबोनाइट हिरवट पडतं. आणि आपला जुना माउथपीस विकू नका. माझा घरी पेटीत होता म्हणून पुढच्या सुपाऱ्या निभावल्या.

परवा त्या दुकानावरून गेलो. काचेच्या कपाटात तसलाच आणखी एक ठेवलाय, कडं चकचकीत घासून.