सौर दिव्यांसाठी कर्जपुरवठा : बांगलादेशातील अनुभव व त्यापासून बोध

सूर्यप्रकाशास मोल पडत नाही. परंतु त्यापासून वीज निर्माण करणाऱ्या सामग्रीस पडते. राकेलाचा खर्च थोडाथोडा होतो, तर सौर संचाचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. म्हणून विजेच्या तारा न पोहोचलेल्या गावांत मुख्य अडचण यंत्राची नसून भांडवलाची असते. बांगलादेशाने ही अडचण कशी सोडविली, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी जाणून घेण्याजोगे आहे.

योजनेची रचना

तेथे १९९७ साली इडकॉल ही सरकारी मालकीची वित्तसंस्था स्थापन झाली. जागतिक बँक इत्यादींच्या साहाय्याने तिने २००३ मध्ये घरगुती सौर संचांची योजना हाती घेतली. इडकॉल स्वतः संच विकत नसे. ते काम ग्रामीण शक्तीसारख्या संस्थांकडे होते. कुटुंबाने किमतीचा दहा ते पंधरा टक्के भाग आरंभी भरावयाचा व उरलेली रक्कम साधारणतः दोनतीन वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडावयाची, असा प्रघात होता. संस्थांनी दिलेल्या कर्जापोटी इडकॉल त्यांस दीर्घ मुदतीचे भांडवल पुरवीत असे. प्रत्येक संचामागे अनुदानही मिळे. ते पुढे क्रमाक्रमाने कमी करण्यात आले. २००८ पर्यंत ५०,००० संच बसविण्याचे ठरले होते. ते उद्दिष्ट २००५ मध्येच गाठले गेले. २०१८ पर्यंत ही संख्या सुमारे ४१ लक्ष झाली.

यशाचे कारण

संच विकणारी, बसविणारी, दुरुस्त करणारी व हप्ता वसूल करणारी संस्था एकच होती. दिवा बंद पडला की हप्ता थांबणार, म्हणून दिवा चालू ठेवण्यातच संस्थेचे हित होते. बॅटरीची हमी पाच वर्षांची, म्हणजे कर्जाच्या मुदतीहून अधिक होती.

योजनेस आलेली अडचण

२०१३ नंतर विक्री उतरत गेली. विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचल्या. शिवाय शासनाच्या इतर कार्यक्रमांतून काही कुटुंबांस संच मोफत मिळू लागले. शेजाऱ्यास फुकट मिळालेल्या वस्तूचे हप्ते आपण का भरावे, असे कर्जदारांस वाटू लागले. वसुली थकली व संस्था अडचणीत आल्या. एकाच गावात कर्ज व मोफत वाटप ही दोन्ही धोरणे नीट नांदत नाहीत, हा यातील बोध होय.

व्याजाचा हिशेब

समजा, १८,००० रुपये कर्ज तीन वर्षांसाठी, दरसाल १२ टक्के व्याजाने घेतले. अखेरपर्यंत मूळ रकमेवरच व्याज आकारल्यास व्याज ६,४८० रुपये होते व हप्ता ६८० रुपये पडतो. तेच व्याज घटत्या शिलकेवर आकारल्यास हप्ता सुमारे ५९८ रुपये पडतो व एकूण व्याज सुमारे ३,५२० रुपये होते. दर एकच असूनही सुमारे २,९६० रुपयांचा फरक पडतो. म्हणून केवळ दर न विचारता आकारणीची रीतही विचारावी.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी

२०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यांचा पाच टक्के ठेवण्यात आला. बाकी रक्कम अनुदानाची असते. पंपासोबत पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. येथे हप्त्याचा धाक पुरवठादारावर नसतो. म्हणून हमीचा कागद जपून ठेवणे व तक्रार वेळेवर लेखी नोंदविणे अधिक अगत्याचे आहे.

कर्जाने सौर संच घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. हप्ता कुटुंबाच्या राकेल, मेणबत्त्या इत्यादींच्या सध्याच्या खर्चाच्या फार पुढे जाऊ नये.
२. शेतीचे उत्पन्न हंगामी असल्यास हप्ते सुगीनंतर येतील असे ठरवावे.
३. बॅटरीची हमी कर्ज फिटेपर्यंत तरी पुरावी.
४. दुरुस्ती कोण व किती दिवसांत करणार, हे लेखी घ्यावे.
५. गावात विजेच्या तारा केव्हा येणार, याची वीज कचेरीत चौकशी करावी.

कार्यकर्त्यांनी हा हिशेब कर्जदाराच्या घरी बसून, घरातील स्त्रियांच्या समक्ष मांडावा. कारण राकेलाचा खरा खर्च बहुधा त्यांनाच ठाऊक असतो.